पठाराचा घरधनी

“दोघंही यजमान असतील, बाबा, तर पाहुणा कोण?”

चारुशीलेनं धापा टाकतच विचारलं. भल्या सकाळी ती टेकडी चढून आली होती. पायांत सरकारी जोडे, खांद्याला कागदांची पिशवी, आणि पोटात कालचं जेवण अजून जागच्या जागी.

हेमगिरीबाबा मठीच्या पायरीवर तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“जेवलीस?”

“दोनदा. काल दोनदा, परवा दोनदा. अकरा दिवस रोज दोनदा जेवतेय. तेच तर सांगायला आले.”

“मग बस.”

ती बसली. बसताना पोटावर हात ठेवला, आणि बाबांनी पाहिलं नसेल अशी आशा केली.

आरंद आणि सुवेल हे शेजारी देश. मध्ये एक सपाट, गवताळ पठार. आरंदवाले त्याला ‘तवा’ म्हणत, सुवेलवाले ‘पोळपाट’, आणि ते आपलंच आहे याबद्दल दोघांनाही तीनशे वर्षांत एकदाही शंका आली नव्हती. चारुशीला तिसऱ्याच देशाची, मध्यस्थ म्हणून आलेली. ती कागदोपत्री ‘सदर भूभाग’ लिहायची. आता स्वप्नंसुद्धा तिला ‘सदर’नं सुरू होणारी पडू लागली होती.

याच मठीत ती सात वर्षं शिकली होती. बाहेर पडल्यावर तिनं सहा तंटे मिटवले. एक नदी, एक पूल, दोन बेटं, एक तलाव, आणि एका पुतळ्याचं तोंड कुठल्या देशाकडे असावं हा वाद. तो पुतळा शेवटी आडवा ठेवला होता. तरी मिटला म्हणजे मिटला. सहापैकी सहा. हा आकडा ती कुणाला सांगत नसे. फक्त कुणी विचारावं म्हणून जरा थांबत असे.

बाबांनी विचारलं नाही.

“पहिल्या दिवशी दुपारी दोन्ही शिष्टमंडळं डबे घेऊन आली,” ती म्हणाली. “मला वाटलं, छान, सगळे एकत्र जेवतील. पण आरंदवाल्यांनी स्वयंपाक आणला होता सुवेलवाल्यांसाठी. आणि सुवेलवाल्यांनी आरंदवाल्यांसाठी.”

“प्रेम दिसतंय.”

“प्रेम कसलं, बाबा. दोघांकडे रीत एकच. पाहुण्याचं पान आधी. तो जेवून उठला की मग घरधनी जेवणार. आणि ज्याच्या पानावर तुम्ही जेवलात, त्याचं घर तुम्ही मान्य केलंत.”

“बरोबर आहे.”

“बरोबर आहेच. पण आरंदचे मंत्री भानुजीराव हात जोडून म्हणतात, ‘पंत, बसा, आमच्या घरी संकोच नको.’ सुवेलचे त्रिविक्रमपंत म्हणतात, ‘छे छे, राव, आमच्याकडे येऊन तुम्ही उपाशी राहणार?’ मग दोघंही उभे. अन्न समोर निवतंय. घास कुणी घेत नाही, कारण घास घेतला की पठार गेलं. तीन तास असे जातात. मग बैठक सुरू होते, आणि उपाशी माणसं जशी बोलतात तशी बोलतात.”

“आणि तू?”

“मी तिऱ्हाईत. मी दोन्हीकडे जेवते. सारखं.”

“सारखं?”

“परवा आरंदची कढी मी दुसऱ्यांदा घेतली. सुवेलनं लेखी निषेध नोंदवला. मग सुवेलचं भोपळ्याचं भरीत दुसऱ्यांदा घ्यावं लागलं.”

बाबांनी तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

“भरीत कसं होतं?”

“बाबा.”

“विचारलं आपलं.”

“... चांगलं होतं.”

खाली, दूरवर, पठार उन्हात पसरलं होतं. त्याच्या दोन्ही अंगांना, उताराखाली, तंबूंच्या दोन रांगा दिसत होत्या.

“आज सूर्यास्ताला मुदत संपते,” चारुशीला हळू आवाजात म्हणाली. “उद्या पहाटे दोन्हीकडची फौज वर चढणार. पठारावर चाळीस कुटुंबं आहेत मेंढपाळांची. मेंढ्या व्यायच्या दिवसांत आल्यात. त्यांना हलताच येत नाही.”

बाबांची बोटं थांबली.

“तू काय केलंस?”

तिनं पिशवीतून मसुदा काढला. चौऱ्याऐंशी कलमं, पाच परिशिष्टं. घरी तीन वर्षांच्या लेकीला सासूकडे ठेवून, रात्र रात्र जागून लिहिला होता. लिहिताना लेकीला ताप आलाय का, ती जेवली का याचा विचार चालू होता, त्यामुळे कलम एकोणतीस जरासं विस्कळीत झालंय असा तिला संशय होता. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कलम एकच्या पुढे कुणी गेलंच नव्हतं.

“वाच,” बाबा म्हणाले.

“कलम एक. सदर भूभागावर उभय पक्षांचा समान, अविभाज्य, आणि परस्परांच्या अधिकारास बाध न आणणारा...”

“भूक लागली.”

“कुणाला?”

“मला. त्यांनाही लागली असेल.”

बाबा उठले. मठीत गेले आणि उत्सवाला काढायचं ते मोठं पातेलं घेऊन बाहेर आले. निवडलेले तांदूळ त्यात ओतले, दोन पायल्या डाळ ओतली, वर मिठाची पुडी ठेवली, आणि पातेलं तिच्याकडे सरकवलं.

“घे डोक्यावर.”

“मी?”

“मी म्हातारा आहे.”

अशा रीतीनं दोन देशांच्या मध्यस्थ डोक्यावर पातेलं घेऊन टेकडी उतरल्या. पातेल्यात डाळ, तांदूळ आणि मसुदा.

पठाराच्या कडेला एक मेंढपाळीण भेटली. तिच्या ओच्यात नुकतंच जन्मलेलं कोकरू होतं, अजून ओलं. तिनं पातेल्याकडे पाहिलं, मग खालच्या तोंडाकडे.

“बाई, आज मिटतंय का?”

“प्रयत्न चालू आहेत,” चारुशीला म्हणाली.

“म्हणजे नाही,” बाई म्हणाली, आणि कोकराचं तोंड पदरानं पुसत निघून गेली.

चारुशीला पातेलं सावरून चालू लागली.

शामियान्यात दोन्ही मंत्री समोरासमोर उभे होते. मध्ये दोन पंगती मांडलेल्या, दोन्ही रिकाम्या. भानुजीराव मुळात भरदार गृहस्थ. अकरा दिवसांत त्यांचा कमरपट्टा दोन भोकं आत गेला होता. त्रिविक्रमपंत मुळातच किडकिडीत, त्यामुळे त्यांचं नेमकं काय कमी झालं ते सांगणं कठीण होतं. पण पागोटं कानांवर उतरलं होतं.

“या, महाराज,” भानुजीराव म्हणाले. “आमच्या भूमीत आपलं स्वागत.”

“आमच्या भूमीत आपले पाय लागले, हे आमचं भाग्य,” पंत लगेच म्हणाले.

बाबांनी दोघांकडे पाहून सारखीच मान हलवली, शामियान्याबाहेर गेले, तीन दगड गोळा केले आणि चूल मांडली.

चारुशीला घाईघाईनं मोजायची दोरी घेऊन आली.

“बाबा, चूल जरा डावीकडे घ्यावी लागेल. आरंदच्या अंगाला वीतभर जास्त गेलीय.”

“वारा कुठून येतोय?”

“पश्चिमेकडून.”

“मग इथंच.”

त्यांनी जाळ केला, पातेलं चढवलं, डाळ-तांदूळ धुऊन घातले, मीठ घातलं, आणि चुलीशेजारी मांडी घालून डोळे मिटले.

खिचडी रटरटू लागली. मुगाच्या डाळीचा वास शामियान्यात शिरला. भानुजीराव बोलता बोलता थांबले. पंतांनी एक कागद उलटा धरून वाचायला सुरुवात केली. दोघांच्याही चेहऱ्यांवर तोच भाव आला, जो चारुशीलेला घरी लेकीच्या चेहऱ्यावर रोज दोनदा दिसायचा... तोंड घट्ट मिटलेलं, आणि डोळे वाटीवर.

मग वास बदलला.

“बाबा,” चारुशीला कुजबुजली, “खाली लागतंय.”

बाबा हलले नाहीत.

“बाबा, करपतंय.”

“हं.”

तिनं उलथणं शोधलं. चुलीजवळ नव्हतं. पिशवीत नव्हतं. शेवटी सापडलं. बाबा त्याच्यावरच बसले होते.

“बाबा, जरा उठता?”

“ध्यान चाललंय.”

ती चुलीभोवती दोन फेऱ्या मारून परत आली. खिचडी लागू देणं तिला जन्मात जमलं नव्हतं. लाकूड ओढून जाळ कमी करू का, असं तीनदा वाटलं. तीनदा हात मागे घेतला. आपण इथं दोन देशांची लढाई थांबवायला आलोय, खिचडी वाचवायला नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. ते तिला फारसं पटलं नाही.

बऱ्याच वेळानं बाबांनी डोळे उघडले, पातेलं उतरवलं, वरवरची खिचडी पत्रावळींवर वाढली, आणि म्हणाले, “बसा.”

कुणी बसेना.

“महाराज,” भानुजीराव घसा साफ करून म्हणाले, “प्रश्न असा आहे की आपल्या पानावर बसलो तर आम्ही कुणाचे पाहुणे ठरतो?”

बाबा स्वतः जेवायला लागले होते.

भानुजीराव विचारात पडले. त्यांची नजर पत्रावळीवरच्या वाफेवर होती.

“मी म्हणतो, पंत, संन्याशाला घर नसतं.”

“नसतं,” पंत म्हणाले.

“घर नाही, तर पाहुणचार नाही.”

“नाही.”

“पाहुणचार नाही, तर...”

“... तर खायला हरकत नाही.”

अकरा दिवसांत दोन्ही देशांनी मिळून पूर्ण केलेलं हे पहिलं वाक्य. चारुशीलेनं ते वेळेसकट टिपून ठेवलं.

आणि मग जेवण झालं. त्याला दुसरा शब्द नाही. भानुजीरावांनी कमरपट्ट्याची दोन्ही भोकं परत मिळवली. पंतांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. तिसऱ्या वाढीला भानुजीराव म्हणाले, “जरा करपल्याचा वास आहे, पण बरा लागतो.” पंत म्हणाले, “आमच्या आजोळी खरवड मुद्दाम खरवडून खायचे. त्यावरून भांडणं व्हायची.” भानुजीराव म्हणाले, “आमच्याकडेही.” मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन दोघांनीही माना पत्रावळीत घातल्या.

सूर्य कलला होता. उताराखालून रणशिंगाचा सराव ऐकू येत होता. वाजवणारा एकाच सुरावर अडत होता.

बाबांनी हात धुतले.

“चला,” ते म्हणाले. “पातेलं घासायचं.”

इथं दोन्ही देशांची दुसरी रीत आडवी आली. ज्याच्या जमिनीवर चूल पेटली, त्या घरच्या धन्यानं शिजलेलं भांडं स्वतःच्या हातानं घासायचं. नोकराच्या हातानं चालत नाही. आणि पाहुण्यानं भांड्याला हात लावणं म्हणजे घराचा धडधडीत अपमान. चारुशीलेनं ही रीत परिशिष्ट तीनमध्ये ‘स्थानिक चालीरीती’ या मथळ्याखाली स्वतःच लिहिली होती. ती कशाच्या उपयोगाची असेल असं तिला वाटलं नव्हतं.

बाबांनी पातेलं कलतं केलं.

तळाला दोन बोटं जाड, काळीकुट्ट खरवड होती. कडेलाही चढली होती. मध्ये एका ठिकाणी तिच्यातून अजून धूर येत होता.

बाबांनी शेजारी मूठभर राख ठेवली. राखेवर काथ्या ठेवला.

“घरधन्यानं यावं.”

...

वाऱ्यानं शामियान्याची कनात फडफडली.

“हे... संन्याशाच्या चुलीवर शिजलं ना?” भानुजीराव म्हणाले. “संन्याशाला घर नसतं, हे आपलं ठरलंय.”

“चूल माझी,” बाबा म्हणाले. “जमीन माझी नाही.”

मग पंत खाकरले.

“राव, पातेलं तुमच्या अंगाला कललेलं दिसतंय.”

“महाराजांनी कलतं केलंय.”

“ते खरं. पण चूलही वीतभर तुमच्याकडेच आहे. बाईंनी सकाळी मोजली.”

चारुशीलेनं दोरी पाठीमागे लपवली.

“पंत, वीतभरानं काय होतंय,” भानुजीराव आर्जवानं म्हणाले. “तुमचा तीनशे वर्षांचा ताम्रपट आहे.”

पंत दचकले. “कुठला ताम्रपट?”

“चौथ्या दिवशी दाखवलात तो. ‘या पोळपाटावरील गवत, पाणी आणि दगड सुवेलच्या गादीचे.’ मला तोंडपाठ झालाय.”

‘पोळपाट’ हा शब्द भानुजीरावांच्या तोंडून निघण्याची ही पहिलीच वेळ.

“त्याचा कोपरा तुटलाय,” पंत म्हणाले. “आणि तुम्हीच म्हणालात, बनावट आहे.”

“रागात म्हणालो. चांगला सुबक आहे.”

“पण तुमच्या शिलालेखापुढे आमचा ताम्रपट म्हणजे काय? ‘तव्याच्या उत्तर टोकापासून...’”

“शिलालेख वाचता येत नाही, पंत. तीन अक्षरं राहिलीत.”

“तीन पुष्कळ झाली.”

काल याच तीन अक्षरांना पंतांनी ‘मेंढी अंग घासून गेल्याच्या खुणा’ म्हटलं होतं. चारुशीलेच्या टिपणात तसं नोंदलेलं होतं. तिनं मागचं पान उलटून खात्री केली, पुढचं उलटलं, आणि जीव मुठीत धरून लिहू लागली.

“तुमचे आजोबा इथं शिकारीला यायचे, राव. हक्कानं.”

“येऊन परत जायचे. परत जातो तो पाहुणा. तुमच्या मेंढ्या इथं चरतात.”

“मेंढ्या मेंढपाळांच्या. आम्ही कर घेतो फक्त.”

“कर घेतो तोच धनी.”

“तुम्हीही घेता.”

“आम्ही... कधीमधी.”

पंतांनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि लगेच मान वर केली. “राजधानीला पत्र पाठवावं का? हा निर्णय वरच्या पातळीवर...”

“काय लिहिणार? महाराज, पठार आपलं झालं, तरी येऊन भांडं घासावं?”

दोघांनीही आपापले महाराज डोळ्यांपुढे आणले. दोघांनीही पत्राचा विचार सोडून दिला.

“खाली किती माणसं आहेत?” बाबांनी विचारलं.

“साडेतीन हजार,” पंत म्हणाले.

“आमची चार,” भानुजीराव म्हणाले.

“एवढी मरायला आलीत.” बाबांनी काथ्या उचलून उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा राखेवर ठेवला. “आणि घासायला कुणी नाही?”

रणशिंगवाला पुन्हा त्याच सुरावर अडला.

भानुजीरावांनी खाली पाहिलं. “आम्ही तसे आज बाहेरूनच आलोय,” ते म्हणाले. “पाहुणेच म्हणा ना.”

“मग आम्ही तर त्याहून पाहुणे,” पंत घाईनं म्हणाले. “आमचं गाव इथून दीड कोस लांब पडतं.”

चारुशीलेच्या बोरूची शाई संपली होती. तिनं तो तसाच कागदावर दाबून धरला होता. आता एक शब्द चुकला तर दोघंही पुन्हा यजमान होतील, हे तिला कळत होतं. असे क्षण तिला घरचे माहीत होते... लेक आपण होऊन घास घेते तेव्हा शाबासकी द्यायची नसते. तिकडे बघायचंसुद्धा नसतं.

तिनं दौत जवळ ओढली, आणि कागदावरची नजर न उचलता विचारलं, “राव, तुमच्याकडे पाहुणा हत्यार घेऊन घरात येतो का?”

“छे. उंबऱ्याबाहेर ठेवतो. एवढी रीत कळते आम्हाला.”

“आणि सुवेलकडे, पंत?”

“आमच्याकडे तर वेशीबाहेर ठेवतात,” पंत म्हणाले. आरंदपेक्षा एक पाऊल पुढे असणं त्यांना बरं वाटलं.

“म्हणजे पाहुण्याची फौज वेशीबाहेर.”

“अर्थात.”

“आणि आपण दोघंही पाहुणे.”

दोघंही घुटमळले.

“की पातेलं...”

“पाहुणेच,” भानुजीराव म्हणाले.

“पाहुणेच,” पंत म्हणाले.

तिनं कोरा कागद घेतला. सवयीनं ‘समान, अविभाज्य’ असं लिहिलं, मग खोडलं. खाली लिहिलं:

‘जो देश या पठाराचा घरधनी म्हणवेल, त्याच्या राजानं किंवा मंत्र्यानं आधी हे पातेलं स्वतःच्या हातानं घासावं. तोवर दोन्ही देश इथं पाहुणे. पाहुण्यांनी हत्यारं वेशीबाहेर ठेवावीत, आणि जे इथं राहतात त्यांना त्रास देऊ नये.’

बस्स. चौऱ्याऐंशी कलमांचा मसुदा शेजारी पडला होता. त्याच्यावर भानुजीरावांनी पत्रावळ ठेवली होती.

सही आधी कुणी करायची यावर थोडा वेळ गेला. पोटं भरलेली असल्यामुळे थोडाच.

सूर्य टेकायच्या आत दोन्ही बाजूंना निरोप धाडले. तंबूंच्या रांगा हलायला लागल्या. शामियान्याचे दोर सुटू लागले. भानुजीराव आणि पंत आपापल्या उताराकडे निघाले, मध्येच पंत थांबून म्हणाले, “राव, त्या कढीत तुम्ही काय घालता हो? बाई दुसऱ्यांदा घेत होत्या,” आणि भानुजीराव म्हणाले, “मेथी. फोडणीत. नंतर नाही.” दोघं तिथंच उभे राहून बोलू लागले.

चारुशीला एकटीच चुलीपाशी उरली. सातपैकी सात, असं तिच्या मनात आलं. मग आलं, की यातलं माझं नेमकं काय? मी तर दोरीनं चूल मोजत होते. मग आलं, की हत्यारांचं मी विचारलं. ते मीच विचारलं. मग आलं, की ‘त्रास देऊ नये’ फार मोघम झालं का.

असा विचार चालू असताना तिनं बाह्या वर सारल्या.

मठीतल्या सात वर्षांत तिचा एकच नेम होता. जेवणं झाली की भांडी घासायची, आणि भांडी झाली की बाबांना प्रश्न विचारायचा. त्याआधी नाही. आता तिच्या मनात प्रश्न होता आणि समोर पातेलं होतं. बाकीचं हातांनीच केलं. ती उकिडवी बसली, पातेलं पुढ्यात ओढलं, काथ्या भिजवला, राखेत बुडवला.

उताराच्या तोंडाशी चाललेलं बोलणं थांबलं.

“बाई,” पंतांचा आवाज आला. फार सौम्य होता. “आपल्या देशाचाही दावा आहे काय?”

चारुशीलेनं वर पाहिलं. दोन्ही मंत्री तिच्याकडे पाहत होते. भानुजीरावांचा हात कमरपट्ट्याकडे गेला होता, आणि या वेळी भोकांसाठी नव्हे. त्यांच्या पाठीमागे, पठाराच्या दूरच्या कडेला, मेंढ्या घोळक्यानं खाली बसत होत्या.

काथ्या पातेल्यापासून चार बोटांवर होता. राखेचं पाणी त्यातून टपटप गळत होतं.

“सवय,” ती कशीबशी म्हणाली. “नुसती सवय हो. आमच्या देशाला काही नको.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी हसलं नाही.

मग बाबा तिच्या शेजारी येऊन बसले. त्यांनी तिच्या मुठीतून एकेक बोट सोडवून काथ्या काढून घेतला आणि चुलीत टाकला. ओला काथ्या चरचरला. मंत्र्यांनी ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग भानुजीराव पंतांना म्हणाले, “तर मेथी. पण कमी,” आणि दोघं दोन बाजूंनी उतरून गेले.

चारुशीला तिथंच बसून राहिली. हात काळे झाले होते. ते कुठं पुसावेत हे तिला कळत नव्हतं.

“बाबा, हे असंच ठेवायचं?”

“हं.”

“इथंच? उघड्यावर?”

“हं.”

“पण पातेलं मठीचं आहे. उत्सवाला काय कराल?”

बाबांनी खांदे उडवले.

“आणि किती दिवस?”

बाबांनी वाकून पातेल्यात पाहिलं. खरवडीवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, आणि काठी टेकत उभे राहिले.

“पाणी घालून ठेव,” ते म्हणाले. “आणि चल.”